लग्नाला चार महिने आणि बारा किलो कमी करायचेत

प्रश्न: "ताई, माझं लग्न डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. वय २७, उंची पाच फूट दोन इंच, वजन ६४ किलो. कोथरूडला राहते, नोकरी हिंजवडीत. सकाळी आठला निघते ती रात्री आठला घरी येते. शाकाहारी आहे, पण अंडी खाते. मला बारा किलो कमी करायचेत. एका मैत्रिणीने दोन महिने फक्त ज्यूस, सूप आणि शेक घेऊन दहा किलो कमी केले. मीही सप्टेंबरपासून तेच करायचं म्हणतेय. हल्ली जिना चढताना दम लागतो, केस गळतायत, दंड फार जाड दिसतात. त्यात केळवणांची धास्ती वाटते. काय करू?"

उत्तर:

ज्यूस-सूपचा बेत आजच रद्द कर. चार महिन्यांत आपण पाच ते सहा किलो कमी करू, आणि तेही पोटभर जेवून. उरलेले लग्नानंतर सावकाश जातील. ५२ किलो हे तुझ्या उंचीला चुकीचं वजन नाही, मुदत चुकीची आहे.

हिशेबच मांडते. एक किलो चरबी म्हणजे अंदाजे ७,७०० कॅलरी. बारा किलोंना ९२ हजारांच्या वर कॅलरी झाल्या. चार महिन्यांवर वाटल्या तर रोज पावणेआठशेची तूट पडायला हवी. बैठी नोकरी धरून तुझा दिवसाचा खर्च १,८०० च्या आसपास असेल, म्हणजे तुला खायला उरतात हजार-अकराशे कॅलरी. आणि तू दिवसभर नुसती पडून राहिलीस, तरी श्वास, हृदय, मेंदू, यकृत चालवायला शरीराला साधारण १,३०० लागतात. त्याखाली सलग चार महिने राहिलीस की शरीर एकेक खातं बंद करायला लागतं. स्नायू झिजतात, पाळी लांबते, थंडी वाजते, चिडचिड होते, झोप उडते. रोजची तूट चारशेच्या आसपास ठेवली तर चार महिन्यांत पाच-सहा किलो उतरतात आणि यातलं काही भोगावं लागत नाही. ५८ किलोला तुझा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २३ च्या जवळ येईल. भारतीयांसाठी निरोगी वजनाची तीच मर्यादा धरतात.

मैत्रिणीचे दहा किलो खोटे नसतील, पण ते सगळे चरबीचे नव्हते. शरीरात ग्लायकोजेन नावाची साखरेची शिल्लक असते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी साठलेलं असतं. खाणं एकदम तोडलं की पहिल्या आठवड्यात ही शिल्लक संपते, पाणी निघून जातं आणि काटा दोन-तीन किलो खाली येतो. पुन्हा पोळी-भात खाल्ला की ते परत येतं. मुली याला "वजन उसळलं" म्हणतात आणि घाबरून पुन्हा उपाशी राहतात. फार झपाट्याने वजन उतरवलं तर पित्ताशयात खडे होण्याची शक्यताही वाढते. लग्नाच्या तोंडावर पोटात कळा येऊन सोनोग्राफीला धावपळ करावी लागणं कुणाच्याच वाट्याला यायला नको.

पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती केसांची गोष्ट, कारण तिचा वेळापत्रकाशी थेट संबंध आहे. उपासमार, मोठा ताप, बाळंतपण असा धक्का शरीराला बसला की केस त्याच आठवड्यात गळत नाहीत. पुष्कळ केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी झडायला लागतात. सप्टेंबरात सुरू केलेल्या ज्यूस डाएटचे केस नोव्हेंबरच्या शेवटी आणि डिसेंबरात गळतील. म्हणजे ज्या दिवशी अंबाड्यावर गजरा माळायचा, नेमक्या त्याच दिवसांत. मग नवरीमुलगी तेल बदलते, शांपू बदलते, महागडे सीरम आणते. कारण मात्र तीन महिन्यांपूर्वीच्या ताटात असतं. केस आत्ताच गळतायत असं तू लिहिलंस, म्हणजे मेमध्ये-जूनमध्ये काय झालं होतं ते आठवून बघ. ताप येऊन गेला होता का, की साखरपुड्याआधीही एखादं डाएट केलं होतंस?

केस गळणं आणि जिन्यात दम लागणं एकत्र वाचलं, तेव्हा मला तुझ्या वजनापेक्षा तुझ्या रक्ताची काळजी वाटली. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रातही निम्म्याहून जास्त. चांगल्या घरातल्या, चांगल्या पगाराच्या मुली त्यात असतात, कारण पोळी-भाजी, वरण-भात आणि तीन वेळा चहा या जेवणात लोह कमी आणि जे आहे ते चहा अडवतो. म्हणून काहीही सुरू करण्याआधी या आठवड्यात रक्त तपासून घे: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन, बी-१२, डी जीवनसत्त्व, थायरॉइडसाठी टीएसएच आणि तीन महिन्यांच्या साखरेसाठी एचबीए१सी. नुसतं हिमोग्लोबिन बघून थांबू नकोस. ते बाराच्या वर असलं तरी लोहाचा साठा, म्हणजे फेरिटिन, तळाला गेलेला असू शकतो. आणि पाळी अनियमित असेल, हनुवटीवर केस येत असतील तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखव. पीसीओएस, म्हणजे अंडाशयांशी संबंधित संप्रेरकांचा बिघाड, असेल तर आहार साधारण हाच राहील, पण उपचार वेगळे लागतील.

सीबीसीत एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींच्या सरासरी आकाराचा आकडा, कमी असेल आणि फेरिटिन मात्र चांगलं असेल, तर डॉक्टरांना थॅलेसेमिया मायनरसाठी एचपीएलसी चाचणीबद्दल विचार. थॅलेसेमिया हा आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार आहे आणि मायनर म्हणजे त्याची नुसती वाहक. वाहक व्यक्तीला स्वतःला सहसा काही त्रास नसतो, पण दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला गंभीर आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. पत्रिका जुळवताना हे कुणी बघत नाही. बघायला हवं.

लोह कमी निघालं तर गोळी डॉक्टर लिहून देतील. ती चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नकोस, लिंबूपाण्याबरोबर घे. शौचाला काळं होतं, त्याने घाबरायचं नाही. तीन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन वर सरकलेलं दिसतं, जिन्यातला दम कमी होतो. साठा भरायला मात्र तीनेक महिने जातात. तुझ्याकडे चार महिने आहेत, म्हणून आत्ता सुरू केलं तरच डिसेंबरात चेहऱ्यावर तेज दिसेल. गोऱ्या-सावळ्याशी त्याचा संबंध नाही. रक्त भरलं की नखं, ओठ, डोळ्यांखालची त्वचा सगळं बदलतं, आणि ते कुठल्याही फेशियलने होत नाही.

आता ताट. तुझा सध्याचा दिवस मी असा कल्पून बघते: उठल्यावर चहा-बिस्किटं, निघताना पोहे, डब्यात दोन-तीन पोळ्या आणि भेंडी किंवा बटाटा, चारला मशीनचा चहा आणि कुणीतरी आणलेली बाकरवडी, रात्री दमून वरण-भात. यात प्रथिनं ३०-३५ ग्रॅमच्या वर जात नाहीत. तुला वजन उतरवताना ६० ते ६५ लागतील. शरीराला विटा मिळाल्या नाहीत तर ते स्वतःच्या भिंती पाडून वापरतं. त्या भिंती म्हणजे तुझे स्नायू.

प्रथिनं वाढवायला डबा पूर्ण बदलावा लागत नाही. सकाळी दोन अंडी आणि एक भाकरी किंवा पोळी. अंडं नको त्या दिवशी मूगडाळीची दोन धिरडी. पोहे आवडत असतील तर खा, पण मूठभर पोह्यांत मटार, दाणे, मोडाची मटकी घाल, वर लिंबू पिळ आणि बरोबर वाटीभर दही घे. डब्यात दोन फुलके, मोठी वाटी उसळ, दह्यातली कोशिंबीर आणि एखादी भाजी. उसळ रोज वेगळी ठेव: मटकी, चवळी, हिरवे मूग, मसूर, छोले. आईला सांग, वरण पळीने वाढताना धार लागेल असं पातळ करू नको, घट्ट कर. संध्याकाळी पाचला मूठभर फुटाणे आणि एक पेरू किंवा सफरचंद. हे पाच वाजताचं खाणं चुकवू नकोस. हिंजवडीहून दीड तास ट्रॅफिकमध्ये बसून भुकेलेली मुलगी घरी आली की फरसाणाच्या डब्यात हात जातो, त्यात तिचा दोष नसतो. रात्री एक भाकरी, घट्ट वरण किंवा आमटी, ७०-७५ ग्रॅम पनीर किंवा सोयाबीनच्या वड्यांची भाजी, आणि झोपण्याआधी कपभर दूध. बेरीज केलीस तर ६५ ग्रॅम सहज भरतात. भात बंद नाही. भात खायचा तेव्हा एक भाकरी कमी. वरण-भातावर चमचाभर साजूक तूप आणि लिंबाची फोड राहू दे. लिंबातल्या क जीवनसत्त्वाने डाळी-पालेभाज्यांतलं लोह जास्त शोषलं जातं.

चहा दोन वेळाच, आणि जेवणाच्या आधी-नंतर तासभर नाही. एवढ्या एका बदलाने लोहाला वाट मिळते. आत्ता पावसाळ्यात मंडईत अंबाडी, राजगिरा, शेपू, माठ मिळतो, तो आठवड्यातून तीन-चार दिवस आण. थंडी पडली की बाजरीची भाकरी आणि तिळाची चटणी. नाचणीत कॅल्शियम भरपूर असतं, तिची भाकरी किंवा आंबील कधीही चालेल. गरम पाणी-मध, जिरेपाणी, कोरफडीचा रस यांनी चरबी वितळत नाही. आवडत असेल तर पी, जेवणाऐवजी नको. शरीर "डिटॉक्स" करायला यकृत आणि मूत्रपिंडं आहेत.

तुझ्या चार महिन्यांत श्रावण, गणपती, नवरात्र आणि दिवाळी सगळं येतंय. मला यात अडचण वाटत नाही, पण उपवासांबद्दल मी आग्रहाने सांगते: रक्त कमी असेल तर नवरात्राचे नऊ दिवस निरंकार करू नकोस. घरच्यांशी बोल, उठता-बसता धर. आणि जो उपवास धरशील त्यात साबुदाण्याच्या खिचडीऐवजी वरईचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, दही, दूध, रताळं ठेव. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसतं पिष्ट. तासाभरात पुन्हा भूक लागते. गणपतीत उकडीचे दोन मोदक वरून तूप घालून खा, जेवणात भात कमी घे, झालं. फराळाचा डबा मात्र ऑफिसच्या टेबलावर उघडा ठेवायचा नाही.

केळवणांची धास्ती वाटते असं लिहिलंस, त्याचं मला वाईट वाटलं. आत्या, मावशी, मामा, आईच्या मैत्रिणी, सगळे तुला हौसेने जेवायला बोलावतात, ताटाभोवती रांगोळी काढतात, साडी देतात. माहेरच्या माणसांचं हे कौतुक मुलीने कॅलरी मोजत, अपराधी चेहऱ्याने घ्यावं, हे बरोबर नाही. आठ-दहा केळवणं झाली तरी त्याने पाच किलो वाढत नाहीत. एका पोटभर मेजवानीत पाच-सहाशे कॅलरी जास्त जातील. दुसऱ्या दिवशी काटा किलोभर वर दिसतो, तो मिठाचा आणि पाण्याचा. तीन दिवसांत उतरतो. म्हणून केळवणाच्या दुसऱ्या दिवशी वजन करायचंच नाही.

वजन खरं वाढतं ते केळवणाच्या आगे-मागे जे घडतं त्याने. "रात्री जड जेवण आहे" म्हणून मुलगी सकाळपासून उपाशी राहते, कडकडून भूक लागल्यावर पानावर बसते, तिसऱ्या पुरीला हात थांबत नाही, मग "आता बिघडलंच" म्हणून आठवडाभर सगळं सोडून देते. तू उलट कर. त्या दिवशी नाश्ता आणि दुपारचं जेवण नेहमीसारखं घे, पाचला वाटीभर दही किंवा फुटाणे. पानावर बसलीस की आधी कोशिंबीर, उसळ, अळूची पातळ भाजी संपव. गोड एकच घे, पण मनापासून घे: एक पुरणपोळी, तीही दुधा-तुपाबरोबर, किंवा वाटीभर श्रीखंड आणि दोन पुऱ्या. मसालेभात दोन घास. जिलबी आणि श्रीखंड दोन्ही नको. मठ्ठा हवा तेवढा पी.

आग्रहाला "डाएट आहे" हे उत्तर देऊ नकोस. ते ऐकलं की वाढणारी दुखावते आणि पळी आणखी पुढे येते. "मावशी, पुरणपोळी इतकी सुरेख झालीय, एक डब्यात दे, उद्या सकाळी खाईन" असं म्हण. तिची हौस राहते आणि तुझं पान सुटतं. आणखी चांगलं म्हणजे बोलावणं येतं तेव्हाच आपली फर्माईश सांगायची. केळवणाला पंचपक्वान्नंच हवीत असं कुठे आहे? थालीपीठ-लोणी, भरली वांगी-भाकरी-ठेचा, पिठलं-भाकरी, मटार उसळ-पाव, हे सांगितलं तर करणाऱ्या बाईचाही दिवस वाचतो. दोन काकांकडची केळवणं एकत्र करता आली तर तसं सुचव. नोव्हेंबरात आठवड्याला दोनच्या वर नकोत, पोटापेक्षाही तुझ्या झोपेसाठी. रोज अकराला घरी यायचं आणि सहाला उठायचं, असे पंधरा दिवस गेले की डोळ्यांखाली दिसतात आणि भूकही वाढते.

व्यायामाकडे येते. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम दमछाकीच्या हालचालीची आणि दोन दिवस ताकदीच्या व्यायामाची आहे. मुली पहिलं करतात, दुसरं सोडतात. तू तीन दिवस ताकदीचे धर, घरीच, ३५-४० मिनिटं. खुर्चीवर टेकून उठायच्या बैठका, पाठीवर झोपून कंबर उचलणं, भिंतीला हात टेकून दंड, मग ते टेबलावर आणि जमलं तर जमिनीवर, कंबरेत वाकून डंबेल पोटाकडे ओढणं, डंबेल खांद्यावरून वर नेणं, टाचा उचलणं. प्रत्येकी दहा-बाराचे दोन-तीन फेरे. सुरुवात दोन-तीन किलोच्या डंबेलने कर आणि दहावं-बारावं ओढताना सोपं वाटलं की वजन वाढव. पुण्यात सूर्यनमस्कार घालणाऱ्या पुष्कळ मुली आहेत आणि ते उत्तमच आहेत, पण त्यात ओढण्याची हालचाल नाही, म्हणून पाठ आणि खांद्याचा मागचा भाग राहून जातो. पाठ ताठ नसली की फोटोत खांदे पुढे पडतात आणि मुलगी स्वतःला जाड समजते.

दंडांबद्दल. फक्त दंडाची चरबी निवडून कमी करता येत नाही, कुठल्याच व्यायामाने, पट्ट्याने किंवा मसाजने. ती सगळीकडून आपल्या क्रमाने जाते. पण डंबेलने दंडाचे स्नायू घट्ट होतात आणि आकार बदलतो. हात पुरुषी होतील ही भीती ठेवू नकोस. त्यासाठी लागणारं संप्रेरक बायकांच्या शरीरात फार कमी असतं.

उरलेले दिवस चालणं. जेवणानंतर ऑफिसच्या आवारात पंधरा मिनिटं, रात्रीच्या जेवणानंतर दहा. शनिवार-रविवार वेताळ टेकडी, तुला जवळच आहे. पावसाळ्यात शेवाळलेल्या पायवाटा टाळ, अंधार पडल्यावर एकटीने नको. होणाऱ्या नवऱ्यालाही बोलाव. हॉल, पत्रिका आणि पाहुण्यांच्या यादीवर भांडण न होता बोलायला टेकडीसारखी जागा नाही. आणि पर्वतीच्या १०३ पायऱ्या न थांबता चढता येणं हे मी नोव्हेंबरपर्यंतचं ध्येय ठेवीन. वजनापेक्षा तो आकडा मला जास्त सांगतो. उतरताना गुडघ्यांवर भार येतो, सावकाश उतर.

लग्नाचा दिवस हेच अंगमेहनतीचं काम आहे, याची तयारी मात्र जवळजवळ कुणीच करत नाही. पहाटे चारला उठायचं, नऊवारीत पाटावर मांडी घालून होमासमोर तासन्‌तास बसायचं, सप्तपदीला उठताना पाय मुंग्या येऊन बधिर झालेले असतात, आणि संध्याकाळी जड शालू, दागिने आणि टाचांच्या सँडलवर तीन तास उभं राहून हसायचं. एरवी खुर्चीवर बसणाऱ्या शरीराला हे जमणार कसं? ऑक्टोबरपासून रात्रीचं जेवण जमिनीवर मांडी घालून घे आणि हाताचा आधार न घेता उठायचा सराव कर. बैठका आणि टाचा उचलणं यासाठीच दिलंय. रिसेप्शनचे सँडल महिनाभर आधी आण आणि घरात रोज अर्धा तास घालून वावर. पाय सुजले तर रात्री भिंतीला पाय लावून दहा मिनिटं पडून राहायचं. मॉडेल कॉलनीतल्या अय्यंगार योग संस्थेत जी आधार घेऊन आसनं शिकवतात, त्यातलं उशी कमरेखाली घेऊन केलेलं विपरीत करणी या दमणुकीला फार छान.

वजन आठवड्यातून एकदा, सकाळी, पोट साफ झाल्यावर. पाळीच्या आधी किलो-दीड किलो पाण्याचं वाढतं, ते मोजू नकोस. ब्लाउज ठरवलेल्या मापाचा शिवू नकोस, असलेल्या मापाचा शीव आणि आत माया ठेवायला सांग. शेवटचं माप लग्नाआधी दहा-बारा दिवस.

दोन औषधांबद्दल लिहायलाच हवं, कारण हल्ली नवऱ्यामुली त्यांच्याबद्दल दबक्या आवाजात विचारतात. पहिलं, वजन उतरवायची इंजेक्शनं: सेमाग्लुटाइड, टिर्झेपेटाइड. ही खरी औषधं आहेत, मधुमेह आणि स्थूलतेच्या रुग्णांना त्यांचा उपयोग होतो. पण सहा किलोंसाठी, लग्नाच्या तारखेसाठी, ओळखीतून मिळवून घ्यायची ती नव्हेत. मळमळ, उलट्या होतात, चरबीबरोबर स्नायूही जातात आणि थांबवल्यावर वजन बरंचसं परत येतं. शिवाय सेमाग्लुटाइड गर्भधारणेच्या किमान दोन महिने आधी थांबवावं लागतं, आणि टिर्झेपेटाइड सुरू करताना व डोस वाढवताना गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो. नव्या लग्नात या दोन्ही गोष्टी किती महत्त्वाच्या आहेत हे तुला कळेल.

दुसरं, पाळी पुढे ढकलायची गोळी. ती मेडिकलमधून परस्पर आणू नकोस. रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास स्वतःला किंवा जवळच्या नातेवाइकांना झालेला असेल तर ती धोक्याची ठरू शकते. स्त्रीरोगतज्ज्ञांना ऑक्टोबरातच भेट. पाळीच्या अपेक्षित तारखेच्या तीनेक दिवस आधी सुरू करावी लागते, म्हणून ऐन वेळी आठवून उपयोग नाही. गोळीने पोट फुगल्यासारखं वाटतं आणि ब्लाउज घट्ट होतो. तेव्हा वजन वाढलं म्हणून जेवण तोडू नकोस.

शेवटच्या पंधरा दिवसांत नवीन काही सुरू करायचं नाही. ना नवं डाएट, ना नवा व्यायाम, ना नवी पावडर. पाणी तोडायचं नाही, मीठ बंद करायचं नाही. शेवटचे दोन-तीन दिवस कोबी, राजमा, छोले, सोडा घातलेली पेयं टाळ, पोट हलकं राहतं. ताकदीचा व्यायाम चार दिवस आधी थांबव, चालणं चालू ठेव.

तुमच्याकडे मुहूर्तापर्यंत नवरीने उपाशी राहायची पद्धत असेल, तर फराळाचं चालतं का ते आईला आधीच विचारून ठेव. बहुतेक घरांत दूध, केळं, राजगिऱ्याचा लाडू, शहाळ्याचं पाणी चालतं. गौरीहराला बसण्याआधी एवढं पोटात जाऊ दे. रिकाम्या पोटी, कमी झोपेवर, होमाच्या धुरात चक्कर येते. करवलीच्या पिशवीत पाण्याची बाटली, स्ट्रॉ, खजूर आणि दाण्याचे लाडू ठेवायला सांग आणि दर दोन तासांनी तुला आठवण करायचं काम तिचंच. जेवणाच्या पंगतीत फोटो आणि घास भरवणं चालतं, पोट भरत नाही. रिसेप्शनला तयार होण्याआधी खोलीत शांतपणे वरण-भात, तूप आणि दही जेवून घे.

एक काळजीची गोष्ट. या चार महिन्यांत पाळी चुकायला लागली, जेवल्यावर अपराधी वाटून उलटी काढावीशी वाटली, आरशासमोर रडू यायला लागलं, तर वजन कमी करणं तिथेच थांबव आणि डॉक्टरांशी, समुपदेशकाशी बोल. "फोटोत जाड दिसशील" असं म्हणणारी माणसं घरात असतील तर आईला मध्ये घाल. गरज पडली तर त्यांना माझं हे उत्तर दाखव.

लग्नानंतर लवकर मूल हवं असेल तर फोलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी गर्भधारणेच्या किमान महिनाभर आधीपासून लागते, कारण बाळाच्या मज्जारज्जूची नळी पहिल्या २८ दिवसांत, बहुतेकींना दिवस गेल्याचं कळायच्या आधीच, बंद होते. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाशील तेव्हा हेही विचार. बी-१२ कमी निघालं असेल तर ते आधी भरून घे, आणि मग फोलिक.

रक्ताचे रिपोर्ट आले की हिमोग्लोबिन, एमसीव्ही, फेरिटिन, बी-१२ आणि टीएसएच हे पाच आकडे आणि पाळीच्या गेल्या तीन तारखा मला लिहून पाठव. त्यावरून पहिल्या महिन्याचा डबा वारांप्रमाणे लावून देते. तोपर्यंत उद्यापासून सकाळची दोन अंडी आणि पाचचे फुटाणे सुरू कर.